बेचाळीस अंशांचा चटका

चैत्र सरत आला की परभणीची दुपार पांढरी होते. डांबराचा वास खिडकीतून आत येतो, कूलरच्या ताट्या पाणी पीत राहतात आणि गल्लीतली माणसं एकमेकांना नुसती मान हलवून ओळख देतात. बोलायचे कष्ट कोणी घेत नाही. संध्याकाळच्या बातम्यांत जिल्ह्याचा पारा सांगतात. बेचाळीस. या आकड्यावर आमच्या घरात दर उन्हाळ्यात एकदा तरी हसणं व्हायचं. "घ्या," उज्ज्वला म्हणायची, "आज सगळा जिल्हा आमच्या लॅबच्या वॉटर बाथमध्ये बसलाय."

उज्ज्वला माझी बायको. गेल्या पौषात ती गेली. परवा बातम्यांत तो आकडा आला तेव्हा मी ताटात भाकरी कुस्करत होतो. हात थांबला. मग थोड्या वेळाने मी ती भाकरी खाल्ली.

मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. पुस्तकांना नंबर देणं, ती जागच्या जागी ठेवणं, कोणी नेलेलं परत यायची वाट पाहणं, हे माझं काम. तिचं काम जिवाणूंचं. शहराबाहेरच्या एका प्रयोगशाळेत ती आधी संशोधन करायची, पुढे तिथेच शिकवू लागली. तिच्या कामातलं मला जे काही कळतं ते तिनेच स्वयंपाकघरात, हाताला लागेल ती वस्तू पुढे करून समजावलेलं. त्यामुळे माझ्या विज्ञानाला थोडा फोडणीचा वास आहे.

बातम्यांच्या दुसऱ्या दिवशी पल्लवीचा फोन आला. झरीची ही मुलगी उज्ज्वलाची शेवटची विद्यार्थिनी.

"सर, जेवण झालं का?"

"झालं. तुझं?"

"झालं." तिच्या मागे चिमण्या चिवचिवत होत्या. "सर, आमच्याकडचा ट्रान्सफॉर्मर जळालाय. कालपासून लाइट नाही. डीप फ्रीजरमधलं सगळं पाणी पाणी व्हायलंय. सगळे आपापलं काढून फेकायलेत."

"बरं."

"मॅडमची एक कुपी आहे त्यात. ती दगडी ज्वारीची. मी दुसऱ्या इमारतीत नेऊन लावून बघू शकते, तिथं लाइट आहे. जिवंत असलं तर उद्या सकाळपर्यंत उगवंल. पण नसलंच तर… तुम्हाला विचारल्याशिवाय हात लावावा वाटेना."

"थांब," मी म्हणालो. "मी येतो."

स्कूटर काढताना सीटचा चटका बसला. ती कुपी उज्ज्वला भरत असताना मी पाहिली होती. करंगळीच्या पेरापेक्षा लहान, प्लास्टिकची, टोपण लावलेली. तिच्यात काय आहे ते सांगायचं तर एका जुन्या उन्हाळ्यात शिरावं लागतं, आणि त्या दिवशी रस्ताभर मी तिथेच होतो.

आमच्या लग्नाला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. उज्ज्वलाच्या संशोधनाची मुदत त्या उन्हाळ्याबरोबर संपत होती. तिच्याआधी तिथे काम करणाऱ्या एका माणसाने दगडी ज्वारीच्या एका जुन्या वाणातला डीएनएचा तुकडा वेगळा काढून ठेवला होता. पाऊस दडी मारून बसला तरी ते वाण हिरवं राहायचं, आणि का राहायचं याचं उत्तर कदाचित त्या तुकड्यात होतं. तो माणूस नोकरी सोडून गेला. ज्या शेतातून ते बियाणं आणलं होतं तिथे सोयाबीन उभं राहिलं. उरला तो एका कुपीच्या तळाशी एक थेंब. तो थेंब जिवाणूंच्या आत उतरवता आला तर काळजी नव्हती. जिवाणू वाढतात, एकाचे दोन, दोनाचे चार होतात आणि प्रत्येक वेळी आतल्या तुकड्याचीही नक्कल करतात. नाही उतरला तर तिचं काम तिथेच संपणार होतं. ताडकळसच्या एका शाळेत शिकवायला जायचं तिने मनाशी ठरवलंही होतं. त्याबद्दल ती बोलायची नाही, पण त्या दिवसांत ती पोळ्या फार पातळ लाटायची. तिच्या विचारांची जाडी मला पोळ्यांवरून कळायची.

परका डीएनए जिवाणू आत कसा घेतो, हे तिने मला एका संध्याकाळी पोळ्या लाटतालाटताच सांगितलं. हातातली बांगडी काढून ओट्यावर ठेवली. "हा आपला तुकडा. असा गोल करून घेतलेला. आणि हा जिवाणू," म्हणून कणकेचा गोळा शेजारी ठेवला. "आता या गोळ्याला बांगडी नकोय. दोघांच्या अंगावर एकाच जातीचा विद्युतभार, त्यामुळे दोघं एकमेकांना ढकलायलेत. मग मधे कॅल्शियम घालायचं. भांडणाऱ्या दोन जावांच्या मधे एखादी समजूतदार आत्या बसवतात ना, तसं. मग सगळं बर्फात ठेवायचं. गारठ्यानं हालचाल मंदावते, बांगडी दाराशी येऊन बसते. आणि मग एकदम बेचाळीस अंशांच्या पाण्यात!"

"किती वेळ?"

"एक पापड भाजून होईल इतका. जास्त झालं तर मरतात, कमी झालं तर दार उघडत नाही. त्या चटक्यानं कातडीत कुठंतरी फट पडते आणि बांगडी आत सरकते. नेमकं काय होतं ते अजून कोणालाच धड माहीत नाही. लगेच परत बर्फात. मग खायला घालायचं, उबेला निजू द्यायचं. घाबरलेले असतात बिचारे."

"आणि कोणी आत घेतलं, कोणी नाही, हे कळतं कसं?"

"औषध घातलेल्या प्लेटवर पसरायचे. त्या औषधाला पुरून उरायची युक्ती बांगडीतच असते. जिनं घेतली ती पेशी जगते, बाकीच्या कोट्यवधी मरतात." मग तिने बांगडी परत हातात घातली, गोळा उचलला आणि लाटता लाटता म्हणाली, "तुमच्या घरात मी अशीच शिरले की. आधी आईंचा बर्फ. मग एक दिवस वरणात मीठ जास्त पडलं, तो चटका. त्याच दिवशी दार उघडलं."

"पण जेवू घातलं ना?"

"घातलं. तेच खारट वरण."

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "ऐकू येतंय म्हटलं मला सगळं."

त्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेतलं बर्फाचं यंत्र बंद पडलं होतं, म्हणून बर्फ आणायचं काम माझ्याकडे होतं. मोंढ्याच्या धान्यबाजाराजवळच्या कारखान्यातून फोडलेली लादी गोणपाटात गुंडाळून, थर्माकोलच्या पेटीत घालून मी स्कूटरवरून न्यायचो. कारखान्यातले चाचा मला लांबून पाहूनच हसायचे. "क्या जी, रोज शादी हाय क्या तुमारे घर में?" एकदा मी त्यांना खरं सांगितलं की हा बर्फ जिवाणूंसाठी आहे. त्यांनी गोणपाट माझ्या हातात दिलं आणि मागे वळून ओरडले, "सुनो रे, सर कीडों कू ठंडा पिलाते बोलतैं!"

लेकीच्या जिवाला घोर आहे हे ऐकून उज्ज्वलाचे वडील, अप्पा, त्याच सुमाराला आमच्याकडे येऊन राहिले. अप्पांचं ताडकळसला किराणा दुकान. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि कुठेही गेले तरी हाताला काहीतरी काम हवं. उन्हाळ्यात पाहुणे जमले की त्यांच्याकडे पॉटचं आइस्क्रीम व्हायचं, आणि पॉट फिरवायचा मान अप्पांचा. बर्फाचा थर, त्यावर खडे मिठाचा थर, पुन्हा बर्फ. दुसऱ्या कोणाला ते हात लावू देत नसत.

पहिल्या प्रयत्नाच्या दिवशी ते माझ्याबरोबर आले. बर्फाची पेटी मांडीवर घेऊन स्कूटरवर मागे बसले. उज्ज्वलाने पेटी व्हरांड्यात त्यांच्या हवाली केली आणि ती आत तयारीला लागली. थोड्या वेळाने तिने पेटी आत नेली, जिवाणू भरलेल्या कुप्या बर्फात खोचल्या, थेंबातला अर्धा भाग त्यांत सोडला आणि झाकण लावलं. चटका द्यायच्या वेळी झाकण उघडून तिने एक कुपी वर धरली. आतलं सगळं पांढरं, टणक झालेलं. तिने बर्फाकडे पाहिलं. प्रयोगशाळेत काही तोंडात घालायचं नाही हा तिचाच नियम. पण तिने बर्फाचा खडा उचलून जिभेवर ठेवला.

"अप्पा, मीठ टाकलंत?"

"टाकलं की, माय," अप्पा दारातून म्हणाले. आवाजात केवढं समाधान. "नुस्ता बर्फ कितीक येळ टिकंल या उन्हात? आता बघ, दिवस मावळंपर्यंत हालत न्हाई. लय गार झालंय, बोट लावून बघ."

खरंच फार गार झालं होतं. मीठ पडलं की बर्फ स्वतःपेक्षाही गार होतो, म्हणून तर आइस्क्रीम जमतं. पण पेशीच्या आतलं पाणी गोठलं की त्याच्या सुया होतात. त्या आतूनच तिला फाडतात. उज्ज्वलाने हे काहीच तेव्हा बोलून दाखवलं नाही. पुढचं सगळं ठरल्याप्रमाणे केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेट कोरी होती.

घरी आली तेव्हा अप्पा बाहेरच्या ओट्यावर वाट पाहत होते. "उगवलं का, माय?"

"नाही, अप्पा."

त्यांनी कारण विचारलं, आणि तिने सांगितलं. लपवून त्यांना बरं वाटलं नसतं. ते आत गेले, पिशवी भरून बाहेर आले. "येतो मी. दुपारची गाडी गावते अजून."

"जाताय कुठं?" उज्ज्वला म्हणाली. "अर्धा थेंब हाय अजून. उद्या तुमालाच यायचंय बर्फाला." मग त्यांच्या हातातली पिशवी काढून घेत, "पण आत सोडायच्या आदी खिसे तपासणार हाय मी."

अप्पा हसले नाहीत. पण राहिले.

दुसऱ्या प्रयत्नाच्या दिवशी ते पेटीपासून हातभर लांब, हात पाठीमागे बांधून उभे होते, देवळात उभं राहावं तसे. कुप्या बर्फात निवल्या. चटक्याची वेळ आली आणि लाइट गेली. पाणी तापवायच्या पेटीचा, वॉटर बाथचा, लाल दिवा विझला. ते नुकतंच लावलेलं होतं, पाणी अजून कोमटच. लाइट कधी येईल ते कोणी सांगू शकत नव्हतं, आणि हा शेवटचा थेंब होता. आम्ही दोघं उज्ज्वलाकडे बघत राहिलो. तिने एक स्टीलचं पातेलं उचललं आणि बेसिनच्या नळाखाली धरलं.

वैशाखात परभणीचा नळ उघडलेल्या कोणालाही पुढचं सांगावं लागणार नाही. गच्चीवरची काळी टाकी दिवसभर तापत असते; दुपारी त्या पाण्याने हात धुववत नाही. तिने पातेल्यात थर्मामीटर बुडवला. पारा बेचाळीसच्या बराच वर गेला. मग माठातलं पाणी वाटीने थोडं थोडं घालत, ढवळत, ती खाली वाकून पारा उतरताना बघत राहिली. उतरला, थांबला. तिने कुप्या पाण्यात धरल्या. तिचे ओठ हलत होते; पापड भाजला जाईपर्यंतचे सेकंद ती मोजत होती. मग कुप्या परत बर्फात.

"नळाच्या पाण्यानं होतंय व्हय?" अप्पांनी हळूच मला विचारलं.

तिनेच तिथून उत्तर दिलं. "परभणीचं पाणी हाय, अप्पा. त्याला तापायला लाइट लागत न्हाई."

सकाळी प्लेटवर पांढरे ठिपके होते. खसखशीच्या दाण्याएवढे, मोजके. अप्पांनी चष्मा वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं. "येवढंच? म्या म्हणलं साबुदाण्यायेवढं तरी आसंल." पण त्या दिवशी त्यांनी दोनदा जेवून घेतलं.

त्या ठिपक्यांतले जिवाणू ग्लिसरीनमध्ये मिसळून तिने एका कुपीत गोठवायला ठेवले आणि कुपीवर बारीक पेनाने आपल्या नावाची अक्षरं लिहिली. मला ते खटकलं. मी ग्रंथपाल, पुस्तक कोणी लिहिलं ते पुसून टाकायची कल्पना मला सहन होत नाही. "तुकडा तर त्या माणसाने काढला होता ना? त्याचं नाव कुठे गेलं?" ती म्हणाली, "त्यानं दिलंय ते आत आहे. वर नाव त्याचं, ज्यानं गोठवलं. पुढं कोणाला शंका आली तर विचारायचं कोणाला? जो सांभाळायलाय त्यालाच ना?" त्यांच्या प्रयोगशाळेची तशी रीतच होती, आणि पुढे शिकवू लागल्यावर तिने ती विद्यार्थ्यांकडून कडकपणे पाळून घेतली.

प्रयोगशाळेत पोचलो तेव्हा पल्लवीने मला तीच कुपी दाखवली. ओलसर, वरची अक्षरं पाण्याने पसरून नुसता निळा डाग राहिलेला. माझ्यासमोरच तिने तारेचं टोक ज्योतीवर लाल केलं, निववलं, कुपीत बुडवलं आणि प्लेटवर नागमोडी ओढलं. एवढंच काम. मग प्लेट उबेच्या कपाटात ठेवून ती म्हणाली, "सर, आता घरी जावा. बसून लवकर उगवत नाही." हे वाक्य उज्ज्वलाचं होतं. पल्लवीला ते कळलं असावं, कारण ती लगेच हात धुवायला वळली.

येताना मी रुद्रभूमीत थांबलो. आमच्यात, लिंगायतांत, माणूस पुरतात. पौषात इथे हाडं गोठवणारी थंडी होती. तिला बसवलं, विभूती आणि बेलाची पानं वाहिली, आणि अप्पांनी पहिली मूठ माती घातली. काळी, गार, चिकट माती. त्यांच्या बोटांना चिकटून राहिली आणि त्यांनी ती दिवसभर धुतली नाही. आता तीच माती उन्हाने भेगाळली होती.

उज्ज्वलाने एकदा सांगितलं होतं की प्रयोगशाळेत आपण बर्फ-चटक्याचा जो खटाटोप करतो तो मातीतल्या काही जिवाणूंना करावाच लागत नाही. जे जे मरतं त्याच्या डीएनएचे धागे मातीत मोकळे होतात. जिवाणू ते ओढून घेतात. बहुतेक वेळा खाऊन टाकतात, चटणी-भाकरीसारखे. एखादाच कधीतरी खात नाही, ठेवून घेतो. आणि चिकणमातीला चिकटलेला धागा लवकर कुजत नाही. आपली काळी माती त्या बाबतीत फार चिवट. मी तेव्हा काहीतरी हळवं बोललो होतो. ती म्हणाली होती, "तसं नका हो करू त्याचं. माणसाचा धागा मातीतल्या जिवाणूच्या काय कामाचा? ठेवून तरी काय करणार तो?" त्यामुळे तिथे उभा राहून मी स्वतःची तशी समजूत घातली नाही. तिथे लावलेल्या बेलाच्या रोपाला पाणी घातलं. पाणी भेगेत गेलं, बराच वेळ खाली जात राहिलं.

घरी आल्यावर अप्पांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते आता फारसं बोलत नाहीत. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सकाळी सांगा मग."

मी उद्याचा विचार करत होतो. ती कुपी मेली असली तर जगात काही अडत नव्हतं. त्या तुकड्यातली डीएनएची अक्षरं तिच्या प्रबंधात छापलेली आहेत, तो प्रबंध माझ्याच ग्रंथालयात आहे, मीच त्याला नंबर दिलाय. पण छापलेलं वाचता येतं. ते वाढत नाही. तिने हाताने केलेलं आणि अजून जिवंत असलेलं असं त्या कुपीशिवाय माझ्या माहितीत काही नव्हतं. आम्हाला मूल झालं नाही. हे मी पहिल्यांदाच लिहितो आहे.

सकाळी पल्लवी दारातच उभी होती. तिने तोंडाने काही सांगितलं नाही, प्लेट पुढे केली. मी चष्मा वर केला. रेघांच्या शेवटी, जिथे तार उचलली होती तिथे काही नव्हतं. सुरुवातीला, अगदी कडेला, पांढरे ठिपके. पाचसहा असतील.

"औषधाच्या प्लेटवर आलेत, सर," ती म्हणाली. "म्हणजे आतलं सांभाळलंय त्यांनी."

"खसखशीएवढे," मी म्हणालो.

"हो. सर, तुम्ही रडायलात का?"

"नाही. ऊन लागलंय."

पुढचं तिला एकटीला करता आलं असतं, पण तिने मला बसवून घेतलं. एक ठिपका उचलून जिवाणूंच्या पोषक रसात वाढायला ठेवला. दुपारी तो रस गढूळ झाल्यावर त्यातला थोडा ग्लिसरीनमध्ये मिसळून नव्या कुपीत भरला, टोपण लावलं आणि बारीक टोकाचा पेन काढला.

"मॅडमचीच अक्षरं टाकते," ती म्हणाली. "विभागात मी सांगते सगळ्यांना. कोणी काही म्हणणार नाही."

मी हो म्हणणारच होतो. पेन कुपीला टेकलेला होता. मग मी विचारलं, "गोठवलं कोणी?"

"सर, पण…"

"यापुढं बघणार कोण याच्याकडे?"

"मीच."

"मग?"

तिने बराच वेळ कुपी बोटांत फिरवली. शेवटी लिहिलं. 'प', पुढे तिच्या आडनावाचं अक्षर. लिहून झाल्यावर कुपी मला वाचायला द्यावी तशी पुढे धरली. अक्षर उज्ज्वलासारखंच तिरपं होतं. कदाचित इतक्या बारीक जागेत सगळ्यांचंच तसं येत असेल. जुनी कुपी जिवाणू मारायला वाफेत जाणाऱ्या कचऱ्याच्या डब्यात पडली. मी ती मागितली नाही.

बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सीटवर ओला रुमाल टाकून मी स्कूटर सुरू करणार, तेवढ्यात अप्पांचाच फोन आला. सकाळी सांगायचं मी विसरलो होतो.

"उगवलं का, जावईबापू?"

"उगवलं, अप्पा."

तिकडे कोणीतरी गिऱ्हाईक तूरडाळीचा भाव विचारत होतं. अप्पांनी त्याला थांबवलं. मी कानाला फोन लावून उन्हात उभा होतो. मग ते म्हणाले, "बर्फात मीठ न्हाई ना टाकलं कुणी?"

"नाही, अप्पा. तुम्ही नव्हताच ना इथं."

आधी ते हसले. मग मी.